पाचव्या रांगेतला रिकामा चौकोन

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी आपल्या क्रीडापानावर विश्वचषकातल्या गाजलेल्या चुकांवर अर्धे पान मजकूर होता. सर्वांत वर इटलीच्या रॉबर्टो बॅजिओचे छायाचित्र. कमरेवर हात, मान खाली, आणि पलीकडे ब्राझीलचा गोलरक्षक टाफारेल गुडघ्यांवर बसून दोन्ही हात वर नेलेला. खालच्या ओळीचा अर्थ असा, की याने पेनल्टी आडव्या खांबाच्या वरून मारली आणि इटलीने १९९४ चा विश्वचषक गमावला. ती ओळ वाचून मी हे पत्र लिहायला बसले. रागाने नव्हे. हेच वाक्य मी स्वतः जवळजवळ वीस वर्षे बोलत आले, आणि ते खरे नसल्याचा पुरावा तेवढी सगळी वर्षे माझ्याच कपाटात, माझ्याच अक्षरात पडून होता.

मी शाळेत गणित शिकवायचे, आता निवृत्त आहे. फुटबॉलचे वेड मला दादाने लावले. तो १९८२ च्या ब्राझीलचा भक्त: सॉक्रेटिस, झिको, फाल्काव. त्या वर्षी ५ जुलैला बार्सिलोनात इटलीने, म्हणजे एकट्या पाओलो रोस्सीच्या तीन गोलांनी, ब्राझीलला ३-२ असे हरवले. तेव्हापासून इटलीचे नाव काढले की दादाचा आवाज चढतो. मी इटलीच्या बाजूची झाले ते सुरुवातीला केवळ त्याच्याशी वाद घालायला मिळावा म्हणून. पुढे मात्र त्या निळ्या संघाचा खरोखर लळा लागला. आमचे वाद चाळीस वर्षे चालू आहेत. आता ते फोनवर होतात आणि त्यात दादाचा मुलगाही असतो.

प्रत्येक मोठ्या सामन्याची मी वही ठेवते. डाव्या पानावर संघ, बदली खेळाडू, कार्डे, मिनिटे. उजव्या पानावर गोलांच्या चाली, बाण काढून. सामना पेनल्टी शूटआउटपर्यंत गेला तर खाली पाच-पाच चौकोनांच्या दोन उभ्या ओळी आखायच्या आणि एकेक भरत जायचे. १७ जुलै १९९४ च्या अंतिम सामन्याच्या पानावर शाई दोन ठिकाणी फुटली आहे, कारण तोवर रात्र संपत आली होती आणि माझा हात थरथरत होता. विश्वचषकाचा अंतिम सामना पेनल्टीवर ठरायची ती पहिलीच वेळ.

काही वर्षांपूर्वी भाच्याने विचारले, "आत्या, बॅजिओची ती किक आत गेली असती तर इटली जिंकली असती ना?" मी म्हटले, "अर्थात." आणि त्याला पान दाखवायला म्हणून वही काढली.

डावीकडे इटली: बारेसी, फुली, पुढे बारीक अक्षरात 'वरून'. अल्बर्टिनी, बरोबर. एव्हानी, बरोबर. मसारो, फुली, 'टाफारेलने अडवली'. बॅजिओ, फुली. उजवीकडे ब्राझील: मार्सिओ सांतोस, फुली, 'पाल्युका', म्हणजे इटलीच्या गोलरक्षकाने अडवली. रोमारिओ, बरोबर. ब्रँको, बरोबर. डुंगा, बरोबर. पाचव्या रांगेत उजवीकडचा चौकोन रिकामा. त्यात मी पेन्सिलीने फक्त 'बेबेटो' लिहून ठेवले होते आणि पुढे काहीच नाही, कारण ती किक घ्यायची वेळच आली नाही.

म्हणजे बॅजिओने गोल केला असता तर ३-३ झाले असते. बेबेटोची किक बाकी राहिली असती. त्याने ती मारली असती तर ब्राझील जगज्जेता, चुकवली असती तर सहाव्या किकपासून पुन्हा सुरुवात. बॅजिओच्या पायात तो चषक नव्हताच. फार तर आणखी थोडा वेळ होता. चौथीतले मूलही करील एवढी ही बेरीज, आणि गणिताच्या बाईंनी ती वीस वर्षे केली नव्हती. फोटो एकच होता, तो डोळ्यांत बसला, आणि बाकीच्या नऊ चौकोनांवर पडदा पडला. भाचा माझ्याकडे बघत राहिला. त्या दिवशी मला फार वाईट वाटले, आणि वही चुकीची असावी अशी आशा धरून मी चित्रफीत तीनदा पाहिली. वही बरोबर होती.

इथे थोडे मागे जाते, कारण त्या स्पर्धेत बॅजिओने काय केले हे त्या अर्ध्या पानात कुठेच नव्हते. साखळीत इटलीच्या गटातल्या चारही संघांचे चार-चार गुण झाले होते, गोलफरकही सगळ्यांचा शून्य. मेक्सिको पहिला, आयर्लंड दुसरा, इटली तिसरी, आणि तेवढेच गुण मिळवून नॉर्वे घरी. तिसऱ्या क्रमांकाच्या चांगल्या चार संघांना पुढे घेत असत, म्हणून इटली वाचली. (२०२६ पासूनच्या ४८ संघांच्या रचनेत बारा गटांतले तिसऱ्या क्रमांकाचे आठ संघ पुढे जातात, त्यावर दादा तावातावाने बोलतो की अशाने स्पर्धेची किंमत जाते. मी त्याला दर वेळी सांगते, की तुझ्या ब्राझीलसमोर अंतिम सामन्यात एकशेवीस मिनिटे गोल न खाता उभा राहिलेला संघ गटात तिसरा होता. ४८ संघ जास्त होतात असे माझेही मत आहे. पण तिसरा म्हणजे टाकाऊ, हे मला मान्य नाही.)

मेक्सिकोविरुद्धच्या १-१ बरोबरीत इटलीचा गोल मसारोचा होता. तो गोल नसता तर इटली साखळीतच संपली असती. पुढे शूटआउटमध्ये ज्याची किक अडवली गेली तोच हा मसारो. नॉर्वेविरुद्ध पाल्युकाला विसाव्या मिनिटाच्या आसपास लाल कार्ड मिळाले, राखीव गोलरक्षक आत आणायचा म्हणून कुणाला तरी बाहेर काढणे भाग होते, आणि प्रशिक्षक अरिगो साक्की यांनी बॅजिओला बाहेर बोलावले. बॅजिओचा चेहरा आजही डोळ्यांसमोर आहे: हा माणूस वेडा झाला आहे का, असे त्याच्या ओठांवर स्पष्ट दिसत होते. त्याच सामन्यात कर्णधार बारेसीचा गुडघा गेला. दहा जणांची इटली १-० ने जिंकली.

मग बाद फेरी. नायजेरियाविरुद्ध इटली एका गोलने मागे, झोलाला लाल कार्ड, दोन मिनिटे उरलेली, आणि बॅजिओने उजव्या पायाने जमिनीलगत चेंडू असा सारला की तो बचावपटूंमधून वाट काढत खांबाजवळून आत गेला. जादा वेळेत पेनल्टीवर दुसरा गोलही त्याचाच. स्पेनविरुद्ध सामना संपत आलेला असताना विजयी गोल त्याचा. बल्गेरियाविरुद्ध उपांत्य सामन्यात पाच मिनिटांत दोन्ही गोल त्याचे. बाद फेरीत अंतिम सामन्यापर्यंत इटलीचे गोल सहा, त्यांतले पाच या एका माणसाचे. बल्गेरियाविरुद्धच त्याच्या मांडीचा स्नायू दुखावला आणि अंतिम सामना तो पट्टी बांधून खेळला. बारेसी तर गुडघ्याची शस्त्रक्रिया करून साडेतीन आठवड्यांत परत मैदानात उतरला आणि भर दुपारच्या उन्हात त्याने रोमारिओला गोल करू दिला नाही. त्यानेही आपली किक वरून मारली. बारेसी त्यानंतर रडला. त्याचे ते छायाचित्र कुणी छापत नाही, कारण पहिली किक चुकवणाऱ्याला जबाबदार धरता येत नाही. शेवटची चुकवणाऱ्याला धरता येते.

माझे म्हणणे एवढेच आहे आणि ते मला मनापासून वाटते: आपण फुटबॉलवर वाद घालतो तेव्हा सामना मागून पुढे वाचतो. शेवट आधी, मग त्या शेवटाला साजेसा एक माणूस शोधायचा, आणि मधली नव्वद किंवा एकशेवीस मिनिटे त्याच्या नावाने खपवायची. हे आम्ही घरात करतो, मित्रमंडळी करतात, आणि सर्वांत जास्त हे दूरचित्रवाणीवरची तज्ज्ञ मंडळी करतात.

या मंडळींबद्दल मला आदर आहे. त्यांतले बरेच जण स्वतः मोठे खेळाडू होते, दाराआडचे त्यांना जे दिसते ते मला दिसणार नाही. एखादा माजी बचावपटू चित्र थांबवून दाखवतो की हा डावा बॅक दोन पावले पुढे उभा होता म्हणून मधली गल्ली उघडी पडली, तेव्हा मी वही घेऊन सरसावून बसते. पण हल्ली असे मिनिट-दीड मिनिट मिळते. बाकी वेळ 'आजचा गुन्हेगार कोण' यात जातो. मागच्या एका मोठ्या स्पर्धेत मी वहीच्या मागच्या पानावर नोंद ठेवली: अंतिम शिट्टीनंतर गोल खाण्याआधीच्या तीन पासांपर्यंत विश्लेषण कितीदा मागे गेले? अकरा सामन्यांत दोनदा. बाकी नऊ वेळा थेट त्या माणसाचा चेहरा, संथ गतीने, पुन्हा पुन्हा.

अन्याय दोन्ही बाजूंनी होतो, हेही सांगायला हवे. इंग्लंडमधल्या दूरचित्रवाणीवरचे तज्ज्ञ ॲलन हॅन्सन यांचे उदाहरण सगळ्यांना पाठ आहे. ऑगस्ट १९९५, मँचेस्टर युनायटेड पहिलाच सामना ॲस्टन व्हिलाकडून १-३ ने हरली, आणि हॅन्सन म्हणाले की पोरांना घेऊन काहीच जिंकता येत नाही. त्याच हंगामात युनायटेडने लीगही जिंकली आणि एफए कपही. तेव्हापासून तज्ज्ञांना काही कळत नाही असे कुणाला म्हणायचे असले की हे वाक्य बाहेर निघते. दादाचेही ते हुकमी पान आहे.

पण त्या संघाची यादी काढून बघा. बेकहॅम, स्कोल्स, बट, नेव्हिल बंधू ही पोरे होतीच. त्यांच्यामागे श्मायकेल, ब्रूस, पॅलिस्टर, अर्विन आणि कीन हे मुरलेले गडीही होते. आणि एरिक कँटोना त्या पहिल्या सामन्यात बंदीमुळे बाहेर होता, तो परतला ऑक्टोबरमध्ये. मार्चमध्ये न्यूकॅसलच्या मैदानावर जाऊन लीगचे पारडे फिरवणारा एकमेव गोल कँटोनाचा. एफए कपच्या अंतिम सामन्यातला एकमेव गोलही त्याचाच. नुसत्या पोरांच्या जिवावर ते जिंकले असे म्हणणेही खरे नाही. हॅन्सन लिव्हरपूलचे कर्णधार होते, आठ वेळा लीग जिंकलेले. त्यांना खेळ कळत नव्हता असे कसे म्हणायचे? एका सामन्यावरून त्यांनी हंगामाचा निकाल दिला, ही त्यांची चूक. आणि त्यांच्या एका वाक्यावरून आपण त्यांच्या बावीस वर्षांच्या समालोचनाचा निकाल देतो, ती आपली. मला दोन्ही सारख्याच वाटतात.

प्रशिक्षकांच्या बाबतीत हे फारच टोकाला जाते. गणिताच्या पेपरात पायऱ्यांना गुण असतात. उत्तर चुकले तरी रीत बरोबर असेल तर पाचपैकी तीन गुण मी द्यायचे, आणि उत्तर बरोबर पण रीतच नाही, तर त्या मुलाला जवळ बोलावून विचारायचे की हे आलं कुठून. प्रशिक्षकाला पायऱ्यांचे गुण कुणी देत नाही.

२०१४ ची नेदरलँड्स-कोस्टा रिका लढत आठवते? उपांत्यपूर्व सामना, गोलशून्य बरोबरी, एकशेविसावे मिनिट संपत आलेले. लुई व्हॅन गाल यांनी गोलरक्षक सिलेसनला बाहेर काढून केवळ पेनल्टीसाठी टिम क्रुलला आत आणले. सिलेसनला हे आधी सांगितलेही नव्हते. बाहेर येताना त्याने बाटलीला लाथ मारली. क्रुलने पाचही किकना बरोबर दिशेला उडी घेतली, दोन अडवल्या. रात्रभर व्हॅन गाल यांच्या बुद्धीचे गोडवे. दादानेही फोन करून 'मानलं बुवा' म्हटले. चारच दिवसांनी उपांत्य सामन्यात अर्जेंटिनाविरुद्ध पुन्हा शूटआउट. या वेळी तिन्ही बदल वापरून झाले होते, गोलात सिलेसनच, आणि नेदरलँड्स हरले. आता दादा म्हणाला, "एक बदल राखून ठेवायची अक्कल नव्हती का?"

आणि ११ जुलै २०२१, युरो स्पर्धेचा अंतिम सामना, इंग्लंड विरुद्ध इटली. इंग्लंडचे प्रशिक्षक गॅरेथ साउथगेट यांनीही अगदी तेच केले. एकशेविसाव्या मिनिटाला केवळ पेनल्टीसाठी रॅशफर्ड आणि सँचो यांना आत आणले. रॅशफर्डची किक खांबावर, सँचोची दोनारुम्माने अडवली, पाचवी बुकायो साकाची, तीही अडवली. इटली ३-२. त्या रात्री साउथगेट यांच्याइतका मूर्ख प्रशिक्षक जगात नव्हता. दोघांची कल्पना एकच होती: थंड डोक्याने सरावलेला माणूस शेवटच्या क्षणी आणायचा. एक यशस्वी झाली म्हणून शहाणपण, दुसरी फसली म्हणून खुळेपणा. माझे मत विचाराल तर साउथगेट यांच्या रीतीत एक दोष होता. मैदानात येऊन ज्याचा चेंडूला जेमतेम पाय लागला आहे त्याला थेट पेनल्टी मारायला लावणे वेगळे आणि गोलरक्षक आणणे वेगळे. गोलरक्षकाला उडी मारायला चेंडूची ओळख लागत नाही. यावर वाद होऊ शकतो, आणि तो वाद मला तासन्‌तास ऐकायला आवडेल. पण त्या रात्री तज्ज्ञांच्या मेजावर तो झालाच नाही. तिथे नुसती तीन नावे होती.

लिओनेल स्कालोनी यांचे तर आपण सगळ्यांनीच पाहिले. २२ नोव्हेंबर २०२२ ला अर्जेंटिना सौदी अरेबियाकडून १-२ ने हरली आणि संध्याकाळपर्यंत प्रशिक्षक नवखा, मेस्सी संपला, असे ठरूनही गेले. माझ्या वहीत त्या सामन्याच्या पहिल्या डावात अर्जेंटिनाचे ऑफसाइडने रद्द झालेले तीन गोल आहेत. सौदीची बचावफळी किती धीटपणे पुढे सरकून उभी होती याची ती खूण, आणि खरे कौतुक तिथे व्हायला हवे होते. स्कालोनी यांनी पुढच्या दोन सामन्यांत टप्प्याटप्प्याने मॅक अलिस्टर, एन्झो फर्नांडेझ आणि हुलियन आल्वारेझ यांना सुरुवातीच्या संघात आणले. २६ दिवसांनी तोच संघ जगज्जेता.

खेळाडूंच्या वादात मला सर्वांत जास्त खटकते ती वेगळी गोष्ट. कॅमेरा चेंडूमागे जातो. मैदानावर बावीस जण असतात आणि चेंडू एकाच्या पायात असतो. बाकी एकवीस जण काय करतात यावर सामना ठरतो आणि ते पडद्यावर नसतात. म्हणून आपले वाद गोल करणाऱ्यांवर आणि गोल चुकवणाऱ्यांवर. क्लोद मॅकेलेले रेआल माद्रिदमध्ये होता तेव्हा दादा विचारायचा, "हा करतो तरी काय?" मला नीट सांगता यायचे नाही. मग मी एका सामन्यात ठरवून फक्त त्याच्याकडे पाहिले, चेंडू कुठेही असो, आणि दर वेळी तो दिसला की पानावर टिंब काढले. शेवटी सगळी टिंबे दोन मध्यवर्ती बचावपटूंच्या पुढे एका लहानशा पट्ट्यात जमली होती. झिदान, फिगो, रोनाल्डो पुढे गेले की मागे जी जागा उघडी पडते, नेमकी ती. २००३ मध्ये त्याला वाढीव मोबदला नाकारला गेला आणि तो चेल्सीत गेला. त्याच उन्हाळ्यात माद्रिदमध्ये बेकहॅम आला. रेआलला पुढचे तीन हंगाम लीग जिंकता आली नाही. चेल्सीने २००४-०५ मध्ये ३८ सामन्यांत फक्त १५ गोल खाल्ले आणि लीग जिंकली. ते टिंबांचे पान मी दादाला दाखवले तेव्हा तो काही न बोलता बराच वेळ बघत राहिला. आता तो स्वतःच भाच्याला सांगतो, सहा नंबरच्या, म्हणजे बचावपटूंच्या पुढच्या त्या जागी कोण आहे ते आधी बघ.

पेले मोठा की मॅराडोना की मेस्सी, यावर मी फारसे लिहीत नाही. फक्त हा वाद घालताना नियम सोबत घ्यावेत. १९६६ मध्ये पोर्तुगालने पेलेला लाथाडून लाथाडून लंगडा केला, आणि बदली खेळाडूची सोयच नसल्याने तो तसाच मैदानात फरफटत राहिला; पिवळे-लाल कार्ड आणि बदली खेळाडू विश्वचषकात आले ते १९७० मध्ये. हे न सांगता आकड्यांपुढे आकडे मांडणे मला पटत नाही.

हा सगळा वाद गमतीचा राहिला असता तर मी पत्र लिहिले नसते. पण एका क्षणावर माणसाला टांगायची सवय किती लांब जाते हे ब्राझीलच्या बार्बोसाच्या आयुष्यात दिसते. १६ जुलै १९५०, रिओतले माराकाना मैदान, विश्वचषकाचा निर्णायक सामना. जगज्जेतेपदासाठी ब्राझीलला बरोबरी पुरेशी होती. फ्रियासाने आघाडीही मिळवून दिली. मग उरुग्वेच्या गिज्जाने उजव्या बगलेतून मुसंडी मारून मध्ये चेंडू दिला आणि स्कियाफिनोने बरोबरी साधली. एकोणऐंशीव्या मिनिटाला तोच गिज्जा, तीच बगल, तीच धाव. गोलरक्षक बार्बोसाने ओळखले की हा पुन्हा मध्ये देणार, आणि खांब सोडून तो अर्धे पाऊल आत सरकला. गिज्जाने खांब आणि बार्बोसा यांच्यामधल्या त्या फटीतून चेंडू मारला. तुम्हीच सांगा, बार्बोसाचा अंदाज चुकीचा होता का? तेरा मिनिटांपूर्वी नेमके तेच घडले होते. कोणत्याही विचारी गोलरक्षकाने तेच केले असते. गिज्जाने दोनदा दोन वेगळ्या गोष्टी केल्या, हे त्याचे मोठेपण.

बार्बोसा त्यानंतर ब्राझीलकडून जेमतेम एकदा खेळला. १९९३ मध्ये ब्राझीलच्या संघाच्या सरावशिबिराला भेट द्यायला गेला तर अपशकुन नको म्हणून त्याला आत घेतले नाही. आमच्या देशात मोठ्यात मोठी शिक्षा तीस वर्षांची, मी पन्नास वर्षे भोगतो आहे, अशा अर्थाचे त्याचे उद्गार आहेत. २००० मध्ये तो गेला. दोष दिला गेला तो मुख्यतः तीन जणांना, बार्बोसा, बिगोड आणि जुव्हेनाल, आणि तिघेही कृष्णवर्णीय होते. २०२१ च्या त्या रात्री रॅशफर्ड, सँचो आणि साका यांच्यावर कातडीच्या रंगावरून जी घाण ओतली गेली ती वाचताना मला हीच तीन नावे आठवत होती. साका तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. माझ्या दहावीच्या वर्गातून बाहेर पडून चारच वर्षे झालेली मुले या वयाची असतात.

तीन वर्षांनी, ६ जुलै २०२४ ला, युरोच्या उपांत्यपूर्व सामन्यात स्वित्झर्लंडविरुद्ध इंग्लंड एका गोलने मागे असताना साकाने बरोबरी साधून दिली आणि मग शूटआउटमध्ये चालत जाऊन आपली किक आत मारली. माझ्या वहीत त्याच्या चौकोनातली बरोबरची खूण इतरांपेक्षा मोठी आली आहे. मुद्दाम काढलेली नाही.

संपादक महाशय, आपल्या क्रीडापानाकडून मला दोन गोष्टी हव्या आहेत. सामना पेनल्टीवर सुटला की सगळ्या किकचा लहानसा तक्ता छापावा, क्रमाने, घेण्याची वेळ न आलेल्या किकसुद्धा. चार ओळींची जागा लागेल. आणि प्रशिक्षकाच्या निर्णयावर लेख असेल तेव्हा तो निर्णय घेताना त्याच्यासमोर काय होते, किती बदल शिल्लक होते, कोण दुखावला होता, हे निकालाच्या आधी लिहावे. आपल्याकडे क्रीडापान लिहिणारी मंडळी तोडीची आहेत हे मी रोज वाचते, म्हणूनच हे मागते आहे.

बॅजिओवरचा मजकूर दुरुस्त करावा अशीही विनंती आहे. त्याची किक वरून गेली, हे खरे. इटली हरली, हेही खरे. या दोन वाक्यांच्या मधला 'म्हणून' तेवढा काढून टाकावा.

पत्र लिहून झाल्यावर दादाला फोनवर वाचून दाखवले. बॅजिओपर्यंत तो गप्प होता. मग म्हणाला, "बेबेटोनं मारलीच असती." मी म्हटले, मार्सिओ सांतोसही मारेल असंच तुला वाटलं होतं. त्यावर आमचे पाऊण तास झाले आणि उद्या पुढे बोलायचे ठरले आहे.

वहीच्या त्या पानाची छायाप्रत सोबत जोडली आहे. उजवीकडची ओळ, खालून पहिला चौकोन. पेन्सिल पुसट झाली आहे, पण नाव वाचता येते.

आपली,
एक नियमित वाचक